काबानाजेम : बंडाचे गद्य आणि ‘फुटीर’ या संज्ञेचे राजकारण

१

एखाद्या उठावाला दिलेले नाव हा त्या उठावाविषयीचा पहिला निवाडा असतो. ‘दंगा’, ‘पुंडाई’, ‘बंड’, ‘उठाव’, ‘क्रांती’ किंवा ‘स्वातंत्र्यसमर’ यांपैकी कोणताही शब्द निवडला, तरी निवेदक कोठे उभा आहे हे निवेदन सुरू होण्याआधीच ठरून जाते. मराठी वाचकाला हे १८५७ च्या संदर्भात चांगलेच परिचित आहे. ‘शिपायांचे बंड’ या संज्ञेपासून सावरकरांनी १९०९ मध्ये योजलेल्या ‘स्वातंत्र्यसमर’ या संज्ञेपर्यंतच्या प्रवासात घटना बदलल्या नाहीत, त्यांचे वाचन बदलले. मात्र नामांतराने वाचनाचा प्रश्न सुटतो असे मानणे भाबडेपणाचे ठरते. नवे नावही अनेकदा जुन्या नावाच्याच कथनरचनेत बसवलेले असते. बंडखोरांची स्वतःची वाणी दोन्ही नावांच्या बाहेरच राहते. ब्राझीलमधील ‘काबानाजेम’ या उठावाचे (१८३५-१८४०) लेखन कसे होत गेले, याचा विचार या दृष्टीने उद्‌बोधक ठरतो.

उठावाची रूपरेषा थोडक्यात अशी. अॅमेझॉनच्या मुखाशी बेलेम हे नगर आहे. ते ज्या ग्राउँ-पारा प्रांताची राजधानी होते, तो प्रांत पोर्तुगीज अमदानीत बहुतांश काळ ब्राझीलपासून वेगळा, थेट लिस्बनच्या अखत्यारीत होता. वारे आणि सागरी प्रवाह असे की, शिडाच्या जहाजांच्या काळात बेलेमहून रिओ द जानेरोपेक्षा लिस्बन गाठणे सोपे पडे. १८२२ मध्ये ब्राझील स्वतंत्र साम्राज्य झाले. पारा त्यात १५ ऑगस्ट १८२३ रोजी सामील झाला, आणि तोही सम्राटाच्या सेवेतील ग्रेनफेल या इंग्रज नौदल अधिकाऱ्याच्या धाकाखाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अडीचशेच्या आसपास कैदी ‘पाल्यासू’ नावाच्या जहाजाच्या तळघरात कोंडले गेले आणि त्यांतले जवळजवळ सगळे एका रात्रीत मेले. साम्राज्यातील प्रवेशाची या प्रांताची स्मृती अशी आहे. १८३१ मध्ये पहिल्या पेद्रूने सिंहासन सोडले आणि पाच वर्षांच्या मुलाच्या नावाने राजप्रतिनिधींचा कारभार सुरू झाला. तेव्हा रिओहून नेमलेले प्रांताध्यक्ष आणि बेलेममधील पोर्तुगीज व्यापाऱ्यांचे वर्चस्व यांविरुद्धचा असंतोष उघडपणे वर आला. वृत्तपत्रे चालवणारा कॅनन बातिस्ता कांपुस १८३४ च्या अखेरच्या दिवशी, सत्तेपासून लपून असतानाच वारला. त्यानंतर आठवडाभरात, ७ जानेवारी १८३५ रोजी, उठाववाल्यांनी बेलेम घेतले आणि प्रांताध्यक्ष लोबू द सोझा व सेनाधिकारी सांतियागू यांना ठार केले.

पुढच्या सोळा महिन्यांत तीन बंडखोर अध्यक्ष झाले. पहिला फेलिक्स मालशेर, स्वतः जमीनदार. रिओशी समझोत्याकडे झुकल्यामुळे त्याच्याच साथीदारांनी फेब्रुवारीत त्याचा पाडाव केला आणि तो मारला गेला. दुसरा फ्रांसिस्कू विनाग्रे. त्याने नव्या सरकारी अध्यक्षाला शहर सोपवले, पण त्यालाच अटक झाली. तिसरा एदुआर्दू आंजेलिम, सिआराहून आलेला एकवीस वर्षांचा तरुण. ‘आंजेलिम’ हे एका टणक लाकडाच्या झाडाचे नाव, आणि तेच त्याचे उपनाम झाले. ऑगस्ट १८३५ मध्ये नऊ दिवसांच्या लढाईनंतर त्याने बेलेम पुन्हा घेतले आणि मे १८३६ पर्यंत राखले. त्यानंतर जनरल सोआरेस द आंद्रेया याच्या सैन्याने शहर जिंकले. पण उठाव तेथे संपला नाही. तो नद्यांच्या वाटेने आतल्या प्रदेशात सरकला आणि अखेरचे बंडखोर माउएसच्या परिसरात १८४० मध्ये शरण आले. मृतांचा अंदाज सामान्यतः तीस हजारांच्या पुढे दिला जातो. प्रांताची एकूण लोकसंख्या लाख-सव्वालाखाच्या घरात होती, हे लक्षात घेता त्या आकड्याचा अर्थ स्पष्ट होतो.

या लोकांना ‘काबानू’ म्हटले गेले. ‘काबाना’ म्हणजे नदीकाठची झोपडी, म्हणून काबानू म्हणजे झोपडीवासी. हे नाव त्यांनी स्वतः घेतलेले नव्हते. पेर्नांबुकू आणि आलागोआस प्रांतांतील एका वेगळ्याच उठावाच्या संदर्भात ते आधी रूढ झाले होते आणि हिणवण्यासाठी वापरले जात होते. स्वतःच्या जाहीरनाम्यांत हे लोक ‘देशभक्त’ आणि ‘पारावासी’ असे शब्द वापरतात. जे नाव इतिहासाने टिकवले, ते प्रतिपक्षाने ठेवलेले आहे. काबानाजेमच्या लेखनेतिहासाची पहिली गाठ येथेच पडलेली दिसते.

२

या उठावाचा आद्य आणि अजूनही अपरिहार्य असलेला इतिहासग्रंथ दोमिंगुस आंतोनियू रायोल याने लिहिला. १८६५ ते १८९० या काळात तो पाच खंडांत प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात ‘क्रांती’ नाही, ‘युद्ध’ नाही आणि ‘काबानाजेम’ही नाही. तेथे आहेत ‘मोतींस पोलितिकुस’, म्हणजे ‘राजकीय दंगे’. हे अनेकवचन अर्थपूर्ण आहे. क्रांती एकवचनी असते. तिला हेतू, आरंभ आणि दिशा असते. दंगे अनेक असतात, फुटकळ असतात, उसळतात आणि विरतात. एका लोकसमूहाचा पाच वर्षांचा सलग व्यवहार त्या अनेकवचनाने सुट्या घटनांत विखरून टाकला.

शीर्षकाचा दुसरा भागही तितकाच बोलका आहे. ग्रंथाची कालमर्यादा १८२१ ते १८३५ अशी दिलेली आहे. पण मृत्यूंचा फार मोठा वाटा बेलेम सरकारच्या हाती परत गेल्यानंतरचा आहे. तो आंद्रेयाच्या मोहिमांत, नद्यांच्या काठांवर आणि तुरुंग म्हणून वापरलेल्या ‘देफेन्सोरा’सारख्या जहाजांवर झाला. शीर्षकाची चौकट जेथे मिटते, तेथे राज्यसंस्थेच्या हिंसेचा मुख्य अध्याय सुरू होतो. कथनमीमांसेत ‘अंत’ ही नुसती शेवटची घटना नसते. आधीच्या सर्व घटनांना अर्थ देणारा तो बिंदू असतो. १८३५ हा अंत निश्चित केला की हत्या बंडखोरांची ठरते. १८४० निश्चित केला की तीच कथा वेगळ्या कर्त्याची होते.

रणजित गुहा यांनी १९८३ मध्ये ‘सबाल्टर्न स्टडीज’च्या दुसऱ्या खंडातील निबंधात बंडविरोधी गद्याची तीन स्तरांत विभागणी केली. घटना घडत असताना अधिकाऱ्यांनी लिहिलेला मजकूर हा प्राथमिक स्तर. काही काळानंतर आठवणींच्या किंवा इतिहासाच्या रूपाने झालेले लेखन हा दुय्यम स्तर. सत्तेशी थेट बांधील नसलेल्या, कित्येकदा बंडाविषयी सहानुभूती असलेल्या नंतरच्या इतिहासकारांचे लेखन हा तृतीय स्तर. पहिल्या स्तरावरील गृहीते तिसऱ्यापर्यंत कशी झिरपतात, हा गुहांचा मुख्य मुद्दा. रायोलचा ग्रंथ दुय्यम स्तराचे जवळजवळ आदर्श उदाहरण आहे. लेखक कायद्याचा पदवीधर, उदारमतवादी पक्षाचा, पुढे अनेक प्रांतांचा अध्यक्ष आणि ‘ग्वाजाराचा बॅरन’. साम्राज्याचे प्रशासन आणि साम्राज्याचा इतिहास ही दोन्ही कामे एकाच लेखणीने झाली.

परंतु गुहांची चौकट रायोलला बसवून थांबणे म्हणजे त्याच्या संहितेतील सर्वांत तीव्र ताण दुर्लक्षिणे होय. रायोलचा जन्म १८३० मध्ये विजिआ या गावी झाला. १८३५ मध्ये काबानूंनी त्या गावावर हल्ला केला, तेव्हा मारल्या गेलेल्यांत त्याचे वडील होते. तेव्हा तो पाच वर्षांचा होता. म्हणजे हा केवळ राज्यसंस्थेच्या बाजूने लिहिणारा प्रशासक नाही. बंडाने पोरका केलेल्या मुलाने प्रौढपणी त्या बंडाचा पाच खंडी इतिहास लिहिला आहे. असे असताना हा ग्रंथ सूडाचे गद्य होत नाही. बंडाच्या मुळाशी असलेले प्रांताध्यक्षांचे अत्याचार, सक्तीची सैन्यभरती आणि पाल्यासू जहाजावरील मृत्यू हे सारे त्यात आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जाहीरनामे, पत्रे, सरकारी आदेश अशी मूळ कागदपत्रे रायोल मोठ्या प्रमाणावर जशीच्या तशी छापतो. बंडखोर अध्यक्षांची भाषा आज वाचता येते, याचे बरेचसे श्रेय त्यालाच जाते.

या विरोधाभासाची उकल ‘निःपक्षपाती इतिहासकार’ अशी प्रशस्ती देऊन होत नाही. रायोलच्या ग्रंथात दोन प्रकारचे गद्य शेजारी शेजारी नांदते. एक निवेदकाचे गद्य. त्यात ‘जमाव’, ‘उन्माद’, ‘वणवा’, ‘पूर’ या रूपककुळातून बंडाचे वर्णन येते. म्हणजे माणसांच्या निर्णयाला निसर्गाच्या कोपाचे रूप दिले जाते. दुसरे गद्य त्याच पानांवर उद्‌धृत झालेल्या बंडखोरांचे. त्यात हिशेब आहे, अटी आहेत, सम्राटाच्या सज्ञानतेपर्यंत रिओहून आलेला अध्यक्ष न स्वीकारण्याची घटनात्मक स्वरूपाची मागणी आहे. वणवा अटी घालत नाही. निवेदकाची रूपके आणि उद्‌धृत कागदपत्रे यांच्यातील ही विसंगती रायोल मिटवत नाही, किंबहुना मिटवू शकत नाही. बंडविरोधी गद्याला पुराव्यासाठी बंडाचेच शब्द साठवावे लागतात. आरोपपत्र हेच अनेकदा आरोपीचे एकमेव अभिलेखागार ठरते, आणि रायोलचे वाचन या फटीतूनच करायला हवे.

३

ब्राझीलच्या इतिहासाच्या सर्वसाधारण सारांशांतून काबानाजेमला सर्रास ‘फुटीर’ उठाव म्हटले जाते. या विशेषणाची तपासणी करणे हे केवळ इतिहासकाराचे काम नाही. हा अर्थनिर्णयनाचा प्रश्न आहे. अलीकडील संशोधनाने, विशेषतः माग्दा रिची आणि मार्क हॅरिस यांच्या अभ्यासांनी, बंडखोरांची राजकीय भाषा पुन्हा वाचली. त्यातून पुढे आलेले चित्र गुंतागुंतीचे आहे. बंडखोर कॅथलिक धर्माचा आणि बालसम्राट दुसऱ्या पेद्रूचा जयघोष करतात. त्यांचा रोष राजप्रतिनिधींवर, त्यांनी नेमलेल्या अध्यक्षांवर आणि पोर्तुगीजांवर आहे. स्वतंत्र राष्ट्राची औपचारिक घोषणा हा त्यांच्या राजकारणाचा गाभा नव्हता. साम्राज्याशी नाते कोणत्या अटींवर असावे हा त्यांचा प्रश्न होता. ‘नाते हवे की नको’ हा प्रश्न त्यांच्यावर बाहेरून लादला गेला.

याच वर्षी, सप्टेंबर १८३५ मध्ये, साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला रिओ ग्रांदे दु सुल प्रांतात ‘फाहोपिल्या’ हा उठाव सुरू झाला. त्याचे नेते गुरांच्या कळपांचे आणि मोठ्या जमिनींचे मालक होते. १८३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र प्रजासत्ताकाची घोषणा केली. त्यांचे स्वतःचे शासन होते, ध्वज होता, आणि ते साम्राज्याशी दहा वर्षे लढले. शब्दशः फुटीर कोणाला म्हणावयाचे, तर यांना. परंतु हा उठाव १८४५ मध्ये वाटाघाटींनी मिटला. बंडखोर अधिकाऱ्यांना साम्राज्याच्या सैन्यात त्यांच्या हुद्द्यांसह सामावून घेण्यात आले. पुढे त्याच्यावर विपुल साहित्य निर्माण झाले. एरिकू व्हेरिसिमूच्या कादंबरीमालेने तर त्याला प्रादेशिक महाकाव्याचा भाग केले.

दोन उठावांची ही तुलना ‘फुटीर’ या संज्ञेचे खरे कार्य उघड करते. ज्यांनी विभक्त राष्ट्र घोषित केले त्यांच्याशी तह झाला. ज्यांनी सम्राटाचा जयघोष केला त्यांच्या प्रांताची लोकसंख्या छाटली गेली. तेव्हा ‘फुटीर’ हा शब्द बंडाच्या उद्दिष्टाचे वर्णन करत नाही. बंडखोर कोण आहेत, हे तो आडवळणाने सांगतो. दक्षिणेचे पशुपालक जमीनदार साम्राज्याच्या कुटुंबातले रुसलेले भाऊ होते. अॅमेझॉनच्या काठचे ‘तापुयू’ म्हणजे वसाहतीच्या रेट्याखाली आपल्या जमातींपासून तुटलेले मूळनिवासी, तसेच मिश्रवंशीय, मुक्त आणि गुलाम कृष्णवर्णी त्या कुटुंबात कधी गणलेच गेले नव्हते. जो आत नव्हताच, तो फुटणार कोठून? तरीही त्याच्यावर फुटण्याचा आरोप ठेवायचा, तर तो आत होता असे मागाहून मानावे लागते. या आरोपामुळेच साम्राज्याला एक अखंड देह असल्याचा भास निर्माण होतो.

यातला उपरोध असा की, १८३५ च्या अखेरीस राजप्रतिनिधी फैजो याने पारातील उठाव मोडण्यासाठी ब्रिटिश आणि फ्रेंच प्रतिनिधींशी गुप्त बोलणी केली होती. हे ब्रिटिश अभिलेखागारातील कागदपत्रांवरून स्पष्ट झाले आहे. त्याच्या सरकारने देशाच्या अखंडतेसाठी परकीय सैन्य देशात उतरवण्याची तयारी दर्शवली. अखंडता म्हणजे नेमके कोणाचे कोणावरील स्वामित्व, या प्रश्नाचे याहून स्वच्छ उत्तर शोधूनही सापडणार नाही.

बंडाच्या बाजूची ही मांडणी सरळ गौरवाकडे नेता येत नाही, हेही येथेच नमूद करायला हवे. तिन्ही बंडखोर अध्यक्षांपैकी कोणीही गुलामगिरी रद्द केली नाही. सैन्यातील गुलामांनी मुक्तीची मागणी लावून धरली, तेव्हा आंजेलिमने ती दडपली. हा पैलू प्रकाशात आणण्याचे मोठे काम व्हिसेंते सालेस याने पारातील कृष्णवर्णीयांवरील १९७१ मधील ग्रंथात केले. म्हणजे बंडाच्या आतही एक केंद्र आणि एक परिघ होता. रिओच्या दृष्टीने जो परिघावरचा, त्याच्याही परिघावर कोणीतरी होता. ‘बंडखोर’ हा शब्द मराठी समीक्षेने गेल्या काही दशकांत गौरववाचक म्हणून स्थिर केला आहे. त्या सवयीने वाचणाऱ्याला येथे अडखळावे लागते, आणि ते अडखळणे उपयुक्त आहे.

४

ललित साहित्याने या उठावाकडे कसे पाहिले? त्याचा सर्वांत महत्त्वाचा जुना पुरावा म्हणजे इंग्लेस द सोझा याचा ‘कोंतुस आमाझोनिकुस’ (‘अॅमेझॉनच्या कथा’, १८९३) हा संग्रह. लेखकाचा जन्म १८५३ चा, अॅमेझॉनकाठच्या ओबिदुस या गावचा. उठाव शमल्यानंतर तेरा वर्षांनी जन्मलेल्या या लेखकाच्या लहानपणी त्या भागातील प्रत्येक घरात काबानूंच्या आठवणी जिवंत असणार हे उघड आहे. संग्रहातील दोन कथा या संदर्भात परस्परविरोधी जोडीसारख्या उभ्या आहेत.

पहिली ‘जाकॉ पाताशूची टोळी’. नदीकाठी एकाकी राहणारे पोर्तुगीज कुटुंब, रात्री आसरा मागणारे दोन अनोळखी पुरुष, आणि अंधारातून होणारा हल्ला. ही भयकथेची रचना आहे. निवेदन घराच्या आतून होते, आणि बंडखोर बाहेरून येतो. त्याला भूतकाळ नाही, तक्रार नाही, कारण नाही. तो अंधाराचाच एक भाग आहे. निवेदनाचा दृष्टिबिंदू घराच्या भिंतीआड ठेवला की बंडाचे दरोड्यात रूपांतर आपोआप होते. त्यासाठी लेखकाला बंडाविरुद्ध एक वाक्यही लिहावे लागत नाही. रायोलच्या ‘दंग्यां’ची ही कथारूप आवृत्ती आहे.

दुसरी कथा ‘ओ रेबेल्दे’, म्हणजे ‘बंडखोर’. येथे लेखक तीच भीती वापरतो आणि तिला आतून उसवतो. निवेदक लुईस हा व्हिला बेला येथील पोर्तुगीज न्यायाधीशाचा मुलगा आहे आणि तो प्रौढपणी बालपण सांगतो आहे. गावात पाउलू दा होशा नावाचा म्हातारा राहतो. तो १८१७ च्या पेर्नांबुकूतील क्रांतीत लढलेला आहे आणि त्यामुळे साऱ्या गावाच्या संशयाचा विषय आहे. मुलाला मात्र त्याचे विलक्षण आकर्षण आहे. मातियास पाशिउबा या काबानू म्होरक्याच्या नेतृत्वाखाली गावावर हल्ला होतो, न्यायाधीश मारला जातो. मुलगा, त्याची आई आणि पाद्री यांना वाचवतो तो हाच जुना बंडखोर. काबानूंची बाजू तो नीट समजतो. नदीकाठच्या गरिबाचे दैन्य आणि त्याच्यावरचा अन्याय यांतून हा उठाव जन्मला, हे तो पाद्र्याला स्पष्ट सांगतो. पण त्यांच्या सूडापासून तो शत्रूच्या मुलाला जपतो. आणि सत्ता परत आल्यावर ज्याने जीव वाचवले तोच बंडखोर म्हणून तुरुंगात पडतो.

या कथेचे स्थान रायोलच्या शेजारी ठेवले की लक्षात येते. दोन्हीकडे बंडात बाप गमावलेला मुलगा निवेदन करतो. रायोलच्या जीवनातील जो तपशील इतिहासग्रंथाच्या पृष्ठभागाखाली राहतो, तोच प्रसंग या कथेत निवेदनाचा पाया होतो. इंग्लेस द सोझाने रायोलचे चरित्र समोर ठेवून ही कथा रचली असे म्हणण्याला आधार नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. तो काळच अशा मुलांचा होता. इतिहासाला जे करता आले नाही ते कथेने केले, हा खरा मुद्दा आहे. बापाच्या मृत्यूचे दुःख न नाकारता, बापाला मारणाऱ्यांचे कारण समजून घेणारा निवेदक तिने निर्माण केला. साम्राज्याने ज्याला अपराधी ठरवले त्याचे ऋण हा निवेदक जन्मभर वागवतो. निवाड्याच्या भाषेत या ऋणाला जागा नाही. कथेच्या भाषेत ते सहज मावते.

तथापि कथेची मर्यादाही तिच्या यशातच आहे. येथे काबानूंची बाजू काबानू मांडत नाही. ती मांडतो बाहेरून आलेला, जुन्या आणि प्रतिष्ठित क्रांतीचा सैनिक. १८१७ ची क्रांती पाद्री, न्यायाधीश, व्यापारी यांची होती आणि शतकाच्या अखेरीस ती राष्ट्राच्या स्मृतीत आदरणीय झाली होती. त्या क्रांतीचा वारसदार हा वाचकाला स्वीकारता येणारा ‘चांगला’ बंडखोर ठरतो. प्रत्यक्ष काबानू पाशिउबा मात्र क्रौर्याचाच पुतळा राहतो. दैन्याचे विश्लेषण एका पात्राच्या तोंडी, दैन्यातून उपजलेली हिंसा दुसऱ्याच्या हाती, अशी ही विभागणी आहे. मन आणि हात वेगळे केले की मनाशी सहानुभूती बाळगून हाताचा धिक्कार करता येतो. उदारमतवादी सहानुभूतीची ही रचना एकोणिसाव्या शतकापुरती मर्यादित नाही, हे वेगळे सांगायला नको.

५

विसाव्या शतकाने नाव बदलले. कायू प्रादू ज्युनिअर याने १९३३ मध्ये मार्क्सवादी दृष्टीने ब्राझीलच्या राजकीय उत्क्रांतीचा आढावा घेतला. काबानाजेम हा ब्राझीलमधील सर्वांत लक्षणीय लोकउठावांपैकी एक असून त्यात तळातील वर्गांनी प्रत्यक्ष सत्ता हाती घेतली, असे त्याने प्रतिपादन केले. उठावाच्या शताब्दीच्या वेळी पारातील प्रादेशिक इतिहासकारांनी देशभक्तीच्या अंगाने त्याचा गौरव केला. १९८५ मध्ये, दीडशे वर्षे पूर्ण झाल्याच्या दिवशी, बेलेममध्ये ऑस्कर निमायर याने रचलेले स्मारक उभे राहिले. आकाशाकडे चढत जाणारा काँक्रीटचा उतार आणि मध्येच मोडलेला त्याचा तुकडा असे त्याचे रूप आहे. दंग्यांचे आता क्रांतीत रूपांतर झाले होते.

गुहांच्या तृतीय स्तराचे लक्षण येथे अचूक दिसते. वर्गसंघर्ष किंवा प्रादेशिक अस्मिता या मोठ्या कथनात बंड सामावले जाते, आणि त्या कथनात न बसणारे तपशील गळून पडतात. सम्राटाचा जयघोष करणारा क्रांतिकारक, धर्माच्या नावाने लढणारा शेतमजूर आणि गुलामाची मागणी दडपणारा मुक्तिदाता हे तिघेही स्मारकाच्या स्वच्छ रेषेत मावत नाहीत. अपराधी म्हणून असो वा वीर म्हणून, काबानू दोन्हीकडे दुसऱ्याच्या वाक्यातले कर्मच राहतो.

या पार्श्वभूमीवर मार्सियू सोझा (१९४६-२०२४) या मानाउसच्या कादंबरीकाराने हाती घेतलेली ग्राउँ-पारा आणि रिओ नेग्रूच्या बखरींची मालिका महत्त्वाची ठरते. तिचे पहिले तीन भाग अनुक्रमे १९९७, २००१ आणि २००५ मध्ये आले. सोझाने प्रश्नाचे मूळच हलवले. ग्राउँ-पारा हा ब्राझीलचा दूरचा प्रांत नव्हता. ती स्वतःचा नागरी इतिहास असलेली वेगळी वसाहत होती आणि १८२३ मध्ये तिचे विलीनीकरण लादले गेले, हे त्याच्या मालिकेचे गृहीतकृत्य आहे. ‘दूरचा’ हे विशेषण कोठून मोजलेले अंतर आहे, असा प्रश्न ती विचारते. केंद्र बेलेममध्ये धरले की दूर असते ते रिओ.

या तीन भागांची शीर्षके आहेत ‘लेआल्दादे’, ‘देसोर्दें’ आणि ‘रेव्होल्ता’, म्हणजे निष्ठा, अव्यवस्था आणि बंड. हे तिन्ही शब्द राज्यसंस्थेच्या टिपणांतले आहेत. अधिकाऱ्याच्या अहवालात प्रजेची वर्गवारी याच तीन खणांत होते. सोझाने पर्यायी, गौरववाचक शब्द घेतले नाहीत. आरोपपत्राचाच शब्दसंग्रह घेऊन त्याने प्रत्येक शब्दाला ‘कोणाशी?’ आणि ‘कोणाची?’ हा प्रश्न जोडला. निष्ठा कोणाशी, लिस्बनशी, रिओशी की पाराशी? अव्यवस्था कोणाची, रस्त्यातल्या जमावाची की कैद्यांनी भरलेल्या जहाजाची? नामांतर न करता नावाचा अर्थ पालटण्याची ही रीत स्मारकाच्या रीतीपेक्षा अधिक चिकित्सक आहे.

पण येथेही निवेदनाचा अधिकार कोणाला मिळाला हे पाहावे लागते. पहिल्या भागाचा निवेदक पोर्तुगालमध्ये शिकलेला पारावासी लष्करी अधिकारी आहे. ऐतिहासिक कादंबरीला घटनांचे विस्तृत क्षेत्र पाहू शकणारा, वाचता-लिहिता येणारा निवेदक लागतो. ती सोय झोपडीतल्या माणसाकडे नव्हती. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांचा प्रसिद्ध प्रश्न येथे सैद्धांतिक राहत नाही. तो थेट भाषेचा होतो. काबानूंपैकी असंख्य लोकांची रोजची भाषा पोर्तुगीज नव्हती. ती ‘लिंग्वा जेराल’, म्हणजे पुढे न्येंगातू म्हणून ओळखली गेलेली, तुपी कुळातली संपर्कभाषा होती. बंडाचे जाहीरनामे मात्र पोर्तुगीजमध्ये आहेत. म्हणजे जे मूळ कागद रायोलने जपले, तेही बंडाच्या नेत्यांचे. ज्या बोलीत सामान्य काबानूने आपला राग, आपली भीती आणि आपला हिशेब मांडला असेल, तिच्यात त्याच्या हातचे गद्य मागे राहिलेले नाही. उठाव मोडल्यावर १८३८ मध्ये ‘मजुरांच्या पलटणी’ स्थापन झाल्या. ज्याच्याकडे मालमत्ता किंवा ठराविक रोजगार नाही, अशा मूळनिवासी, मिश्रवंशीय आणि मुक्त कृष्णवर्णी पुरुषाला सक्तीने त्यांत भरती करण्याचा हा कायदा होता. बंडाच्या लोकसमूहाबरोबर त्याच्या भाषेची भूमीही आक्रसत गेली.

मग सामान्य काबानू कोणत्या गद्यात शिल्लक आहे? पाराच्या सार्वजनिक अभिलेखागारात पकडलेल्या बंडखोरांच्या याद्या आहेत. त्यांत नाव, ठिकाण, वर्ण, व्यवसाय अशा रकान्यांत माणसे नोंदलेली आहेत. वाङ्मयप्रकार म्हणून यादी ही कथनाच्या नेमकी उलट आहे. तिला क्रियापद नसते, कार्यकारणभाव नसतो, निवाडाही वाक्याच्या रूपात नसतो. तरीही ‘जमाव’ आणि ‘वणवा’ या रूपकांचा जितका निर्णायक प्रतिवाद ही यादी करते, तितका कोणत्याही कादंबरीने केलेला नाही. सुतार, नावाडी, शेतकरी असे एकेक नाव रकान्यात उतरले की वणवा विझतो आणि माणसे उरतात. त्यांना तुरुंगात टाकण्यासाठी का होईना, राज्यसंस्थेला त्यांना एकेक करून मोजावे लागले.

या वाचनातून साहित्यसमीक्षेच्या वाट्याला एक मर्यादित पण ठोस काम येते. बंडखोराला वाणी ‘देणे’ हे ते काम नव्हे. तो दावा इंग्लेस द सोझाच्या सहृदय कथेलाही पेलला नाही आणि मार्सियू सोझाच्या सजग कादंबरीलाही पूर्णतः पेलला नाही. उपलब्ध गद्याच्या रचनेत ही वाणी कोठे दाबली गेली आणि कोठे तिच्या दाबाने रचनाच वाकली, हे दाखवून देणे हे ते काम आहे. रायोलच्या ग्रंथात रूपक आणि कागदपत्र यांत पडलेली फट, ‘बंडखोर’ या कथेत मन आणि हात यांची केलेली फाळणी, सोझाच्या शीर्षकांतील उसने शब्द आणि कैद्यांच्या याद्यांतील क्रियापदाविना उभी असलेली नावे ही सारी अशी वाकलेली स्थळे आहेत. ‘फुटीर’ हा शब्द या सर्वांवरून सपाट फिरवलेला हात आहे. तो बाजूला केला तर काबानाजेम निर्दोष ठरत नाही की वीरोचितही ठरत नाही. कोणत्या अटींवर आणि कोणाबरोबर राहायचे हे विचारण्याचा अधिकार मागणाऱ्या माणसांचा तो उठाव होता, एवढे मात्र त्यानंतर स्पष्ट दिसते. साम्राज्य कोवळे असो वा जुने, त्याच्या भाषेत या प्रश्नासाठी शब्द नसतो. म्हणून तो प्रश्न विचारणाऱ्याला ते फुटीर म्हणते.